लॉगिन नेमके कोठे अडते? पायथन वेब ॲप्लिकेशनमधील ऑथेंटिकेशनचा दोष शोधण्याची पद्धत

लॉगिनचे पान वापरणाऱ्याशी मुद्दामच मोघम बोलते. नाव चुकले की पासवर्ड चुकला हे ते सांगत नाही, कारण तसे सांगितल्यास कोणत्या नावाचे खाते अस्तित्वात आहे याचा पत्ता परक्या माणसाला आयता मिळतो. जँगो ही पायथनमधील वेब-चौकट तर याहून पुढे जाते: नाव सापडले नाही तरी ते दिलेल्या पासवर्डचा हॅश (त्यावरून काढलेली, उलट न फिरवता येणारी सांकेतिक खूण) एकदा काढते, म्हणजे उत्तराला लागलेल्या वेळावरूनही कोणाला तर्क करता येऊ नये. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे हॅश बिघडलेला असो, खाते बंद असो किंवा नावातील एखादे अदृश्य चिन्ह वेगळे असो, पडद्यावर तेच एक वाक्य उमटते आणि ते वाचून प्रोग्रॅमर सेटिंगच्या फाइलमध्ये अंदाजाने फेरफार करू लागतो. त्यातून कधी कधी लॉगिन सुरू होतेही, पण ते का सुरू झाले हे कळत नाही आणि बहुधा त्या भरात सीएसआरएफची तपासणी (फॉर्म आपल्याच पानावरून आला का हे पाहणारी) किंवा सुरक्षित कुकी बंद करून ठेवलेली असते. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये.

टप्पे चार आहेत. पाठवलेला फॉर्म सर्व्हरने स्वीकारला पाहिजे. नाव व पासवर्ड तपासून ओळख पटली पाहिजे. पटलेली ओळख पुढच्या प्रत्येक विनंतीला सेशनमधून (लॉगिननंतर सर्व्हरने ठेवलेल्या नोंदीतून) आठवली पाहिजे. आणि ओळखलेल्या माणसाला मागितलेले पान पाहण्याची परवानगी असली पाहिजे. यांपैकी कोणताही टप्पा तुटला तरी तक्रार ‘लॉगिन होत नाही’ अशीच येते.

उदाहरणासाठी खानापूर, निपाणी, चिकोडी अशा ठिकाणी शाखा असलेल्या एका कल्पित सहकारी पतसंस्थेचे जँगोवर बांधलेले पोर्टल समोर ठेवू. ते शाखेतील लिपिक आणि व्यवस्थापक वापरतात, दुकानोदुकानी फिरणारे पिग्मी एजंट मोबाइलवरून वापरतात आणि सभासदही वापरतात. त्या सभासदांत सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकडचे लोकही असतात. कोणाच्या मोबाइलवर मराठी कळफलक असतो, कोणाच्या कन्नड, कोणाच्या इंग्रजी, आणि पुष्कळांच्या तिन्ही. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल. सेटिंगांची व फंक्शनांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. सेटिंग फाइलमध्ये ती इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अधोरेषा घालून लिहिलेली असतात.

आधी उत्तराचा क्रमांक पाहावा

संगणकावरील ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा विभाग उघडावा. पान बदलताच आधीच्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून ‘प्रिझर्व्ह लॉग’ हा पर्याय निवडावा, आणि मग चुकणारे लॉगिन एकदा करून पाहावे. लॉगिनच्या पोस्ट विनंतीला (फॉर्म पाठवणाऱ्या विनंतीला) सर्व्हरने कोणता क्रमांक परत केला, यावरून तपासाची अर्धी दिशा ठरते.

२०० आला, तर सर्व्हरने फॉर्म स्वीकारला पण ओळख पटली नाही, म्हणून तेच पान चुकीच्या संदेशासह पुन्हा दाखवले. ३०२ आला, तर ओळख पटली आहे आणि दोष त्यानंतरचा आहे. ४०३ आला, तर बहुधा पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. सीएसआरएफच्या तपासणीने विनंती दारातच अडवली आहे. ३०२ नंतर ४०४ येत असेल आणि पत्त्यात ‘अकाउंट्स/प्रोफाइल’ दिसत असेल, तर लॉगिन पूर्णपणे यशस्वी झाले आहे. लॉगिन रिडायरेक्ट यूआरएल ही सेटिंग न दिल्यामुळे जँगो मूळच्या ठरलेल्या पत्त्यावर गेले आणि तेथे पान नाही, एवढेच. लॉगआउट करताना ४०५ येत असेल, तर लॉगआउट साध्या दुव्यावर ठेवले आहे असे समजावे. जँगो ५.० पासून लॉगआउटचा तयार व्ह्यू गेट विनंती स्वीकारत नाही. तेथे पोस्ट करणारे छोटे फॉर्म-बटण द्यावे लागते.

२०० : ओळख पटत नाही

आता ब्राउझर बाजूला ठेवून सर्व्हरवर जँगोचे शेल (आज्ञा टंकून कोड चालवण्याची खिडकी) उघडावे. ऑथेंटिकेट या फंक्शनला एखाद्या चाचणी-खात्याचे नाव व पासवर्ड देऊन काय परत येते ते पाहावे. वापरणाऱ्याचा ऑब्जेक्ट परत आला, तर बॅकएंड (ओळख तपासणारा कोड) ठीक आहे आणि दोष फॉर्ममध्ये किंवा फॉर्मपर्यंत पोचणाऱ्या मजकुरात आहे. नन (पायथनमधील ‘काहीच नाही’) परत आले, तर तो वापरणारा डेटाबेसमधून थेट मिळवून त्याच्यावर चेक पासवर्ड चालवावे. खऱ्या सभासदाचा पासवर्ड विचारून हे काम कधीही करू नये. त्याच पद्धतीने भरलेले चाचणी-खाते तयार करावे.

चेक पासवर्ड खरे म्हणते पण ऑथेंटिकेट नन देते, असे दिसल्यास सर्वप्रथम इज ॲक्टिव्ह हे क्षेत्र पाहावे. जँगोचा नेहमीचा मॉडेल बॅकएंड निष्क्रिय खात्याला पासवर्ड बरोबर असूनही नाकारतो. ते सक्रिय असेल, तर संशय स्वतः लिहिलेल्या बॅकएंडवर घ्यावा. मोबाइल क्रमांकावर किंवा सभासद क्रमांकावर लॉगिन देण्यासाठी असा बॅकएंड अनेक जण लिहितात, आणि तेथे एक फसवा प्रकार आहे: ऑथेंटिकेट पद्धतीचे पॅरामीटर जँगोने दिलेल्या नावांशी जुळत नसतील, उदाहरणार्थ पहिला रिक्वेस्ट हा पॅरामीटरच घेतलेला नसेल, तर जँगो कोणतीही तक्रार न करता तो बॅकएंड वगळून पुढच्याकडे जाते. ट्रेसबॅक (त्रुटीचा माग) येत नाही, लॉगमध्येही काही उमटत नाही. बॅकएंडच्या पहिल्या ओळीत तात्पुरती लॉगची नोंद घालून ती उमटते का हे पाहणे, हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

चेक पासवर्डच खोटे म्हणत असेल, तर पासवर्डच्या स्तंभातील मूळ मूल्य डोळ्यांनी पाहावे. नेहमीच्या व्यवस्थेत ते ‘पीबीकेडीएफ२_एसएचए२५६’ या नावाने सुरू होते आणि त्यापुढे डॉलरच्या चिन्हांनी वेगळे केलेले फेऱ्यांची संख्या, सॉल्ट (हॅशमध्ये मिसळलेला यादृच्छिक मजकूर) व हॅश असे भाग असतात. (जँगो ४.२ मध्ये फेऱ्या ६,००,००० होत्या, ५.० मध्ये ७,२०,००० झाल्या. हा आकडा आवृत्तीगणिक वाढतो, पण जुना हॅश त्यामुळे निकामी होत नाही, उलट पुढच्या यशस्वी लॉगिनच्या वेळी तो आपोआप नव्याने काढला जातो.) त्या जागी पासवर्ड जसाच्या तसा वाचता येत असेल, तर खाती क्रिएट किंवा बल्क क्रिएट वापरून भरली गेली आहेत. हॅश काढण्याचे काम क्रिएट युजर किंवा सेट पासवर्ड यांच्याकडेच असते. संस्थेची जुनी सभासद-यादी एक्सेलमधून आणताना हे हमखास घडते, आणि त्याच यादीतून दुसरी अडचणही येते: मोबाइल क्रमांकाच्या स्तंभात काही चौकटी रिकाम्या असल्या की पांडाज (तक्ते वाचणारी पायथन लायब्ररी) तो स्तंभ अपूर्णांकांचा समजून वाचते, आणि त्याचा मजकूर केला की प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी ‘.०’ चिकटतो. यादी वाचतानाच तो स्तंभ मजकूर म्हणून वाचण्यास सांगावे.

व्यवस्थापकांची तक्रार बहुधा ॲडमिनच्या पानाबद्दल असते. ते पान पासवर्ड बरोबर असूनही ‘स्टाफ खात्याचे’ नाव व पासवर्ड द्या असे म्हणते, कारण इज स्टाफ हे क्षेत्र खरे केलेले नसते. पासवर्ड बदलून देण्यापूर्वी हे एक क्षेत्र पाहिल्यास वेळ वाचतो.

अक्षरे आणि अंक

पुण्या-मुंबईतील किंवा बेंगळूरुमधील मार्गदर्शिकांत ज्याचा उल्लेख क्वचित सापडतो, पण आपल्या भागात ज्याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, असा हा भाग आहे. वापरणाऱ्याने जे टंकले आणि डेटाबेसमध्ये जे आहे ते पडद्यावर हुबेहूब सारखे दिसते, तरी संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असते.

मोबाइल क्रमांकाचे उदाहरण घ्यावे. मराठी कळफलक चालू असताना अंक देवनागरी येऊ शकतात, कन्नड कळफलकावर कन्नड. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये अंकासाठी वापरले जाणारे ‘बॅकस्लॅश डी’ हे चिन्ह या तिन्ही लिप्यांतील अंकांना अंकच मानते. इज डिजिट ही पद्धतही तसेच म्हणते. म्हणून ‘दहा अंकी क्रमांक द्या’ ही तपासणी देवनागरी क्रमांकाला निर्धोकपणे पुढे सोडते आणि मग डेटाबेसमध्ये तो क्रमांक सापडत नाही. तपासणी पार झाली म्हणजे मजकूर ठीक आहे, या समजुतीने प्रोग्रॅमर पासवर्डच्या मागे लागतो. जँगो नावावर एनएफकेसी हे युनिकोडचे प्रमाणरूप लावते हे खरे, पण त्या रूपात देवनागरी अंकाचा इंग्रजी अंक होत नाही. उपाय असा: फॉर्मच्या क्लीन पद्धतीत प्रत्येक अक्षर तपासून, ते अंक असल्यास युनिकोडडेटा या मॉड्यूलमधील डेसिमल फंक्शनने त्याचे मूल्य काढावे आणि त्याचा इंग्रजी अंक करून पुन्हा जोडावे. संपूर्ण क्रमांकावर इंट चालवूनही रूपांतर होते, परंतु सभासद क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळून पडते, म्हणून ती पद्धत टाळावी.

पासवर्डला मात्र असे रूपांतर आपणहून लावण्यापूर्वी विचार करावा. नवीन पोर्टल असेल, तर पासवर्ड ठेवताना आणि तपासताना दोन्हीकडे अंक एकाच लिपीत आणण्यास हरकत नाही; चालू पोर्टलमध्ये ते एकाएकी सुरू केल्यास ज्यांचे जुने हॅश देवनागरी अंकांसह काढले गेले आहेत त्यांची दारे बंद होतील. पासवर्डच्या शेवटी असलेली रिकामी जागा जँगोचा लॉगिन फॉर्म काढून टाकत नाही, नावाच्या शेवटची मात्र काढतो. संदेशात आलेला तात्पुरता पासवर्ड चिकटवताना मागे जागा राहिली, तर तीही पासवर्डचाच भाग मानली जाते.

नावांचा प्रश्न याहून अवघड आहे. जँगोच्या तयार युजर मॉडेलमध्ये नावासाठी जो नियम आहे तो ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ या चिन्हावर उभा आहे, आणि पायथनच्या मते त्यात देवनागरी व्यंजने व स्वर येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त येत नाहीत. परिणामी ‘कमल’ हे नाव नोंदणीच्या फॉर्ममधून स्वीकारले जाते आणि ‘सुनीता’ नाकारले जाते. कन्नड लिपीतील नावांचेही हेच होते. गंमत अशी की हा नियम फॉर्ममध्ये लागतो, क्रिएट युजरने थेट खाते बनवताना लागत नाही. म्हणून स्क्रिप्टने भरलेली ‘सुनीता’ लॉगिन करू शकते आणि तिच्याच घरातील दुसरी व्यक्ती स्वतः नोंदणी करू शकत नाही. दोन शाखांमधून परस्परविरोधी तक्रारी आल्या तर हे कारण मनात ठेवावे.

त्यात ‘कऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ अशा आडनावांतील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. काही कळफलक ०९३१ या स्वतंत्र कोडचा ऱ देऊन पुढे हलन्त लावतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे २००डी या कोडचे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह घालतात. बहुतेक फॉन्टांत दोन्ही सारखेच दिसतात, आणि एनएफकेसी त्यांना एक करत नाही. शाखेतल्या संगणकावर लिपिकाने भरलेले आडनाव आणि सभासदाने मोबाइलवर टंकलेले आडनाव असे वेगळे पडू शकते. हे पकडण्यासाठी पायथनचे आस्की हे फंक्शन उत्तम आहे: दोन्ही मजकूर त्यातून काढले की प्रत्येक अक्षराचा कोड उघड दिसतो आणि फरक लगेच नजरेत भरतो. एकसारखे करणारे एक छोटे फंक्शन लिहून ते खाते साठवताना आणि शोधताना असे दोन्हीकडे लावावे. शोधण्याच्या बाजूला त्याची योग्य जागा म्हणजे युजर मॅनेजरची गेट बाय नॅचरल की ही पद्धत, कारण मॉडेल बॅकएंड तीच वापरतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या भागातील पोर्टलमध्ये माणसाचे नाव हे लॉगिनचे नाव म्हणून घेऊच नये. सभासद क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक घ्यावा, तो इंग्रजी अंकांत साठवावा, आणि नाव ज्या लिपीत ज्याने दिले त्या लिपीत केवळ दाखवण्यासाठी ठेवावे.

३०२ येतो, पण पुन्हा लॉगिनचेच पान

ओळख पटली, तरी पुढच्याच विनंतीला सर्व्हर परक्यासारखा वागतो. येथे आधी पोस्टच्या उत्तरात सेट-कुकी या हेडरमध्ये सेशन आयडी आली का ते पाहावे, आणि मग त्यापुढच्या विनंतीत ब्राउझरने ती परत पाठवली का ते पाहावे.

कुकी आलीच नसेल, तर व्ह्यूमध्ये ऑथेंटिकेट बोलावले आहे पण लॉगिन हे फंक्शन बोलावलेले नाही, असे बहुधा आढळते. पहिले केवळ तपासते; सेशनमध्ये नोंद दुसरे करते.

कुकी आली पण परत गेली नाही, तर ब्राउझरने ती नाकारली आहे. शाखेतल्या स्थानिक नेटवर्कवर ‘१९२.१६८’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून साध्या एचटीटीपीने पोर्टल उघडले जात असेल आणि सेशन कुकी सिक्युअर खरे असेल, तर असेच होणार. ती सेटिंग कायमची खोटी करणे हा उपाय नव्हे. शाखेतही एचटीटीपीएस द्यावे, आणि विकासाच्या संगणकापुरती वेगळी सेटिंग फाइल ठेवावी. ‘लोकलहोस्ट’ आणि ‘१२७.०.०.१’ हे ब्राउझरच्या लेखी दोन वेगळे यजमान आहेत. एकावर मिळालेली कुकी दुसऱ्यावर जात नाही. उलट पोर्टचा क्रमांक कुकी वेगळी करत नाही: एकाच यंत्रावर ८००० वर सभासद पोर्टल आणि ८००१ वर पिग्मीची नोंद अशी दोन जँगो ॲप्लिकेशने असतील, तर एकात शिरताच दुसऱ्यातून बाहेर फेकले जाते, कारण दोघांच्या कुकीचे नाव एकच असते. सेशन कुकी नेम वेगवेगळे दिल्यावर हा खेळ थांबतो.

कुकी परत गेली तरी सर्व्हर ओळखत नाही, अशी अवस्था असेल तर त्या सेशनची नोंद शेलमध्ये काढून गेट डिकोडेड चालवावे. त्यात वापरणाऱ्याचा आयडी, बॅकएंडचे नाव आणि पासवर्डवरून काढलेला एक हॅश, अशा तीन गोष्टी असतात. बॅकएंडचे नाव सध्याच्या सेटिंगमध्ये नसेल, किंवा त्या बॅकएंडच्या गेट युजर पद्धतीने नन दिले, तर वापरणारा अनोळखी ठरतो. हॅश जुळत नसेल, तर पासवर्ड बदललेला आहे. नोंद रिकामीच निघाली, तर बहुधा सीक्रेट की (जँगो सही करायला वापरते ती गुप्त किल्ली) बदललेली आहे. स्वतःचा पासवर्ड बदलताच माणूस बाहेर फेकला जात असेल, तर त्या व्ह्यूमध्ये अपडेट सेशन ऑथ हॅश बोलावलेले नाही.

कधी लॉगिन राहते, कधी जाते, पान पुन्हा उघडले की परत येते, असे घडत असेल तर जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्न या सर्व्हरच्या अनेक प्रक्रियांकडे पाहावे. सीक्रेट की सुरू होताना यादृच्छिक काढली जात असेल, तर प्रत्येक प्रक्रियेची की निराळी होते आणि एकीने दिलेली ओळख दुसरी मानत नाही. सेशन कॅशमध्ये ठेवले असून तो कॅश प्रक्रियेच्या स्वतःच्या स्मृतीतला असेल, तरीही लॉगिन असेच मध्येच जाते. प्रक्रियांची संख्या तात्पुरती एक करून पाहावी. लक्षण नाहीसे झाले तर निदान पक्के. की पर्यावरण-चलातून एकच द्यावी, आणि ती बदलण्याची वेळ आली तर जुनी की काही काळ सीक्रेट की फॉलबॅक्स या यादीत ठेवावी. ही सोय जँगो ४.१ पासून आहे.

शेवटी परवानगीचा टप्पा. परमिशन रिक्वायर्ड हा डेकोरेटर परवानगी नसलेल्या, पण रीतसर लॉगिन केलेल्या माणसालाही लॉगिनच्याच पानावर पाठवतो. पिग्मी एजंटाने व्यवस्थापकाच्या अहवालाचा दुवा उघडला की त्याला वाटते आपले लॉगिन गेले. तो पुन्हा पासवर्ड देतो, पुन्हा तेथेच येतो. रेझ एक्सेप्शन खरे केल्यास त्याला सरळ ४०३ चे पान मिळते, त्यावर ‘हे पान आपल्यासाठी नाही’ असे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिता येते.

४०३ : दारातच अडवले

कारण शोधण्यासाठी जँगोचा ‘सिक्युरिटी.सीएसआरएफ’ हा लॉगर पाहावा. तेथे नेमके वाक्य मिळते. टोकन नसल्याची तक्रार असेल, तर टेम्प्लेटच्या फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकनचा टॅग घालायचा राहून गेला आहे. ओरिजिन जुळत नसल्याची तक्रार असेल, तर बहुधा ॲप्लिकेशन एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे आहे आणि बाहेर एचटीटीपीएस असूनही जँगोला आत साधे एचटीटीपीच दिसते. एनजिनएक्सने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर स्वतः भरावे आणि सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर या सेटिंगमध्ये ते सांगावे. बाहेरून आलेले तेच हेडर एनजिनएक्स खोडून टाकते याची खात्री नसेल, तर ही सेटिंग लावू नये. सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये पत्ता द्यायचा असल्यास जँगो ४.० पासून तो एचटीटीपीएससह पूर्ण लिहावा लागतो.

दोन टॅब उघडे ठेवून काम करणाऱ्या लिपिकालाही ४०३ दिसू शकतो. लॉगिन होताच जँगो टोकन बदलते, म्हणून आधी उघडलेल्या टॅबमधील फॉर्म जुना होतो. येथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. पान ताजे करण्याची सूचना दाखवावी.

टोकन आणि घड्याळ

एजंटांच्या मोबाइल ॲपसाठी जेडब्ल्यूटी टोकन (ओळख व मुदत लिहिलेला, सही केलेला मजकूर) दिले जात असेल, तर मुदतीचा हिशोब तपासावा. पायथनमधील यूटीसीनाऊने मिळालेल्या वेळेवर टाइमस्टँप चालवल्यास पायथन ती वेळ स्थानिक समजते. भारतीय वेळेवर चालणाऱ्या लॅपटॉपवर त्यामुळे मुदत साडेपाच तास मागे जाते आणि एक तासाचे टोकन जन्मतःच कालबाह्य असते. यूटीसीवर चालणाऱ्या क्लाउड सर्व्हरवर मात्र तोच कोड नीट चालतो. साधे नाऊ वापरून ती वेळ थेट पायजेडब्ल्यूटी या लायब्ररीला दिल्यास उलट होते: त्याच लॅपटॉपवर एक तासाचे टोकन साडेसहा तास जगते, आणि हा दोष कोणी कळवतही नाही. दोन्हींवर उपाय एकच, वेळ नेहमी यूटीसीचा टाइमझोन जोडून घ्यावी. पायजेडब्ल्यूटी २.१० पासून सब्जेक्टचे (टोकन कोणाचे हे सांगणाऱ्या नोंदीचे) मूल्य मजकूरच असावे लागते. वापरणाऱ्याचा आयडी पूर्णांक म्हणून ठेवला असल्यास आवृत्ती वाढवताच सर्व टोकने नाकारली जातात.

शाखेतच ठेवलेला जुना सर्व्हर पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन पुन्हा सुरू होत असेल आणि त्याच्या बोर्डावरील बॅटरी संपलेली असेल, तर घड्याळच मागे जाते. तेव्हा सेशन, टोकन आणि ऑथेंटिकेटर ॲपचे तीस सेकंदांचे कोड हे सगळेच एकदम बिघडते. अनेक जणांची निरनिराळी तक्रार एकाच सकाळी आली, तर कोड उघडण्यापूर्वी सर्व्हरची वेळ पाहावी आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे का तपासावे.

एसएमएसने ओटीपी पाठवत असल्यास संदेशाची लांबी मोजावी. इंग्रजी संदेश १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरी किंवा कन्नड अक्षर आले की ती मर्यादा ७० वर येते, आणि काना-मात्राही अक्षरांत मोजल्या जातात. लांब मराठी संदेशाचे दोन तुकडे होतात. कोड संदेशाच्या सुरुवातीला द्यावा.

फ्लास्क वापरत असल्यास

फ्लास्क ही पायथनची दुसरी वेब-चौकट. तिच्यातही टप्पे तेच राहतात. फ्लास्क-लॉगिनमध्ये युजर लोडरला आयडी मजकूर म्हणून मिळतो. त्याची पूर्णांकाशी थेट तुलना केल्यास वापरणारा कधीच सापडत नाही. दुसरा नेहमीचा दोष स्तंभाच्या लांबीचा आहे. फ्लास्क ज्यावर उभे आहे त्या वर्कझॉइग लायब्ररीत २.३ पासून पासवर्डचा हॅश मूळतः एसक्रिप्ट या पद्धतीने काढला जातो आणि त्याची लांबी १६२ अक्षरे भरते. जुन्या धड्यांवरून १२८ अक्षरांचा स्तंभ केलेला असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएल स्पष्ट त्रुटी देते, परंतु सैल मोडवर चालणारे मायएसक्यूएल शेपूट कापून साठवते आणि नोंदणी यशस्वी होऊनही लॉगिन कधीच होत नाही. २५६ अक्षरांचा स्तंभ करावा. कापलेले हॅश दुरुस्त होत नाहीत, त्या लोकांना पासवर्ड नव्याने ठेवायला सांगावे लागते. बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत थेट वापरत असल्यास त्याची ७२ बाइटची मर्यादा लक्षात घ्यावी: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे चोवीस चिन्हांतच मर्यादा संपते.

दुरुस्तीनंतर

दोष सापडल्यावर त्याच दोषाची चाचणी लिहून ठेवावी, मात्र चाचणीची रीत पारखून निवडावी. जँगोच्या चाचणी-क्लायंटमधील फोर्स लॉगिन बॅकएंडला विचारतच नाही, आणि लॉगिन ही पद्धत बॅकएंडला विचारते पण फॉर्म व व्ह्यू ओलांडून जाते. येथे उपयोगी ठरते ती लॉगिनच्या पत्त्यावर केलेली खरीखुरी पोस्ट, आणि तीही क्लायंट बनवताना एन्फोर्स सीएसआरएफ चेक्स खरे करून, कारण एरवी चाचणीत ती तपासणी बंद असते. देवनागरी अंकांतील क्रमांक, कन्नड अंकांतील क्रमांक, दोन रीतींनी टंकलेला ‘गोऱ्हे’, निष्क्रिय खाते आणि परवानगी नसलेला एजंट एवढ्या नोंदी त्या चाचणीत असाव्यात. तपासासाठी घातलेल्या लॉगच्या ओळी काढून टाकाव्यात. अयशस्वी लॉगिनची कायम नोंद हवी असल्यास युजर लॉगिन फेल्ड हा सिग्नल वापरावा, कारण तो पासवर्डच्या जागी तारांकने घालूनच माहिती देतो.